पायावरची गोळी

करामा, दुबई
२४ ऑक्टोबर २०२५

चि. गुणवंतास ताईचे आशीर्वाद.

काल भाऊबीज झाली. तू तिकडे, मी इकडे, म्हणून दरवर्षीप्रमाणे इमारतीच्या गच्चीवर जाऊन चंद्रालाच भाऊ मानून ओवाळलं. वॉचमन किल्ली देताना म्हणाला, "मॅडम, ऊपर आग मत जलाना." मी म्हटलं, "आग नहीं भैया, निरांजन है." त्याला काय कळणार! बीजेची कोर इतकी बारीक की सापडेना. शर्वाणी एकदा म्हणाली, "आई, देअर!" बघते तर विमान. शेवटी दोन इमारतींच्या फटीत दिसली, तेवढ्यात घाईघाईने अक्षता टाकल्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे बोलता येत नाही, आणि तू बसलायस त्या निमदऱ्यात रेंज नाही. म्हणून ह्यांच्या ऑफिसचे पाठकोरे कागद वापरते आहे, लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. शर्वाणी हसते, "जस्ट सेंड अ व्हॉइस नोट ना, आई." पण बोलताना माझं अर्धं मनातच राहतं. लिहिताना राहत नाही.

माझ्या भावजयीने, मृणालिनीने कळवलं की तुला पुन्हा बोलावणं आलंय. मला वाटलं होतं, वनखात्यातून निवृत्त झालास, आता ती रायफल सुटेल. पण खात्याला नेमबाज लागला की अजून तूच आठवतोस. बिबट्याची मादी आहे, दोन माणसं मारलीत, पिंजऱ्यात येत नाही, भुलीचं इंजेक्शनही चुकलं, म्हणून गोळी घालायचा हुकूम निघाला, असं तिने लिहिलंय. पुढे लिहिलंय की मादीला पिल्लं आहेत.

ते वाचल्यापासून जपात लक्ष लागत नाही.

गुणा, दर भाऊबीजेला तू विचारतोस, ताई काय हवं? आणि मी म्हणते, काही नको, सुखात राहा. यंदा मला हवं आहे. तिला जिवे मारू नकोस. पायावर मार. पोलीससुद्धा पळणाऱ्या चोराच्या पायावरच मारतात ना? लंगडी झाली की धरता येईल, पिंजऱ्यात घालून दूर कुठे नेता येईल, पिल्लांना आई राहील आणि तुझ्या हातून हत्या होणार नाही.

पहिली गोळी पायावर. एवढीच ओवाळणी.

तुझी ताई, कुमुद


निमदरे
२८ ऑक्टोबर २०२५

ताई, नमस्कार.

शाळेला दिवाळीची सुट्टी आहे, म्हणून आमचा मुक्काम शाळेत. गच्चीच्या एका कोपऱ्यात फोनला जीव येतो. तिथे उभं राहून तुझं पत्र वाचलं.

पोलीस चोराच्या पायावर मारतात, कारण चोर मागे वळून गळा धरत नाही.

आता हसणं सोडून सांगतो. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. गोळी कुठे मारायची हा आमच्या कामात कौशल्याचा प्रश्न नंतरचा, आधी नीतीचा. जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यायची, खांद्यामागे, छातीच्या खालच्या भागात. तिथे काळीज आणि फुप्फुसं शेजारी असतात. तिथे बसली की जनावराला काय झालं हे कळायच्या आत सगळं संपतं. तोंड माझ्याकडे असेल तर मी थांबतो. पाठमोरं असेल तर बंदूक खाली. डोक्यावर मारणारे असतात, फोटोत शोभतं म्हणून. डोकं सतत हलतं, ताई. जबडा फुटलेला बिबट्या उपाशी मरायला महिना घेतो. आणि पाय तर डोक्याहून वाईट. पाय म्हणजे उसात हलणारी काठी.

जखमी करून सोडण्यापेक्षा न झाडलेली गोळी बरी. आणि झाडलीच, जखम झालीच, तर ज्याने झाडली त्याने मागावर जायचं. ते काम दुसऱ्यावर टाकायचं नाही.

या मादीचं ऐक. तिच्या पंज्यात जुनी तार रुतलेली आहे. डुकरांसाठी कुणीतरी फास लावला होता, त्यातून ती सुटली, पण तार राहिली. म्हणूनच तिला कुत्रं, शेळी साधत नाही. वाकून गवत कापणारी बाई साधते. म्हणजे तिला माणसावर आणलं ते एका लंगड्या पायानेच. तू दुसरा पाय मागतेस.

माझ्यापुढे महादू चालतो. माझ्या लग्नात जिलब्यांची पैज जिंकून रात्रभर पोट धरून बसला होता, तोच. खात्यात वनमजूर होता, आता माझ्यासारखाच मोकळा. त्याची नजर जमिनीवर, मागावर, माझी समोर. त्याला तुझं पत्र थोडं वाचून दाखवलं. म्हणाला, "ताईसाहेबांना लिवा, म्हणावं मादीला इचारून ठेवतो, कुठला पाय देती."

ओवाळणीत दुसरं काही माग. पैठणी माग.

तुझा गुणा


करामा, दुबई
३१ ऑक्टोबर २०२५

गुणा,

पैठणी नेसून मी कुठे जाऊ, लुलूमध्ये कांदे घ्यायला?

तुझं पत्र वाचलं. काळीज, फुप्फुस, जबडा. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "खलास, बास झालं, त्याचं काम त्याला करू दे, तू कशाला त्यात?" पुरुषांना असंच वाटतं. पण ज्याच्या तोंडात मी वरणभात घातला, त्याने खांद्यामागे काळीज कुठे असतं ते मला इतकं नीट समजावून सांगावं, याने मला रडू आलं.

तू म्हणतोस ते खरं असेल. मी मॅट्रिक झालेली बाई, मला तुझ्या कामातलं काय कळणार. पण मॅट्रिकवर का थांबले ते तुला माहीत आहे. बाबांनी विचारलं होतं, कुमुद, कॉलेजात जायचंय का? आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी म्हटलं, गुणाचा डबा कोण करील? आजवर हे बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवते, कारण त्या मादीच्या पिल्लांच्या जागी मला आपण दोघं दिसतो.

आज सकाळी मेट्रोने आणि पुढे बसने जबल अलीच्या देवळात जाऊन आले. देवापुढे उभं राहून सांगितलं की माझा भाऊ लेकुरवाळीला मारणार नाही. आता मला तिथे खोटी पाडायचं की नाही ते तू ठरव.

एवढी वर्षं काही मागितलं नाही. एकदाच मागितलं तर पैठणी देतोस.

ताई


निमदरे
३ नोव्हेंबर २०२५

ताई,

दिली.

पहिली गोळी पायावर. भुलीची बंदूक घेऊन डॉक्टर मागे तयार राहतील असं बघतो. ते आले तर ठीक.

महादूला अजून सांगितलेलं नाही. हसेल. वेळ बघून सांगतो.

गुणवंत


करामा, दुबई
८ नोव्हेंबर २०२५

गुणा,

हे पत्र मिळताच आधी शेवटची ओळ वाच, मग बाकीचं.

आज ह्यांच्या मालकांनी सगळ्या स्टाफला कुटुंबासकट उम्म अल कुवैनच्या शेतावर बोलावलं होतं. थंडी पडायला लागली की दरवर्षी बोलावतात. मालकांच्या आई, नबिलाबाई, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, हिंदी झकास बोलतात, लहानपणी मुंबईचे व्यापारी घरी यायचे म्हणे. मला बघून नेहमी म्हणतात, "आओ हिसाबवाली," कारण गेल्या वर्षी त्यांच्या खजुराच्या खोक्यांची बेरीज मी तोंडी करून दिली होती.

आज त्या हसल्या नाहीत. उंटांच्या आवाराकडे घेऊन गेल्या. एका तरण्या उंटिणीला गाडीने उडवलं होतं, पुढच्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. बांबू बांधले होते, पट्ट्या गुंडाळल्या होत्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा पाय जुळणारा नाही. पण नातीचा, हिबाचा, त्या उंटिणीवर जीव, म्हणून सगळे थांबले होते. तिला बसता येत नव्हतं आणि उभंही राहता येत नव्हतं. तोंडाला फेस आला होता. गुणा, ती ओरडत नव्हती. नुसती माणसांकडे बघत होती, एकाकडून दुसऱ्याकडे.

नबिलाबाई म्हणाल्या, "हम बोले, रहम करते हैं. ये रहम नहीं था, हिसाबवाली. ये हमारा डर था. दर्द इसको दिया, नींद अपनी बचाई."

मग त्यांच्या भावाने हातात सुरी घेतली आणि देवाचं नाव घेतलं. मी तोंड फिरवलं. फार वेळ लागला नाही.

येताना गाडीत शर्वाणी म्हणाली, "आई, आर यू ओके?" मला तुझी मादी दिसत होती, तुटक्या पायाने उसात. तू सगळं लिहिलं होतंस. मी त्यातलं एकही अक्षर ऐकून घेतलं नाही, कारण मला माझे हात स्वच्छ हवे होते. हत्या तर व्हायचीच होती, मला फक्त ती तुझ्या नावावर, पर्यायाने माझ्या घरात नको होती.

देवाला मी सांगेन काय सांगायचं ते.

ओवाळणी परत घेतली. खांद्यामागेच मार. एकाच गोळीत.

ताई


निमदरे
१० नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र मिळालं. ओवाळणी परत घेतलीस, बरं केलंस. पण त्याची गरज उरली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळीच काम झालं.

मी तुला शब्द दिला होता, पण ऐन वेळी नेम नेहमीच्या जागीच धरला. हात हलला. गोळी पायाला लागली. वय झालं, दुसरं काय. दुसऱ्या गोळीत मादी गेली. पिल्लं सापडली, दोन आहेत, त्यांना बिबट्यांच्या निवारा केंद्रात नेलं.

महादूला थोडं लागलं आहे. दवाखान्यात आहे. काळजी नसावी.

तुझ्या मागण्याचा यात काही संबंध नाही, एवढं कळावं म्हणून मुद्दाम लिहितो.

गुणवंत


करामा, दुबई
१४ नोव्हेंबर २०२५

गुणा,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. आधी ते सांगते, मग स्वतःला काय बोलायचं ते बोलते. माझ्यामुळे झालं नाही, हे वाचल्यावर मी आधी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग महादूचं वरचं वाक्य पुन्हा वाचलं. असं मन. रोज पोथी वाचून त्याला एवढंच येतं.

हात हलला म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. साठीच्या घरात आलास. रायफल कपाटात ठेवून आता फुलझाडं लाव.

समोरच्या फ्लॅटमधली मुग्धा उद्या पुण्याला जाते आहे. तिच्याबरोबर महादूसाठी देवळातला अंगारा, खजूर आणि एक गरम शाल पाठवते आहे. शाल पस्तीस दिरहमला, म्हणजे आपले आठशे चाळीस झाले. ह्यांनी भुवया उंचावल्या, कारण मी स्वतःसाठी एवढ्याची कधी घेतली नाही. पण सरकारी दवाखान्यात पहाटे गारवा असतो, आणि जखमेच्या माणसाला थंडी जास्त वाजते. त्याला म्हणावं, खजूर बेताने खा, जिलब्यांसारखे नको.

थोडं लागलंय म्हणजे कुठे लागलंय, ते लिहिलं नाहीस.

ताई


पुणे
२० नोव्हेंबर २०२५

ती. वन्संस, मृणालिनीचा नमस्कार.

मुग्धाकडून पिशवी मिळाली. शाल हातात घेतली आणि माझ्याने राहवलं नाही. ह्यांनी तुम्हाला काही कळवायचं नाही असं बजावलं आहे. पण महादूभाऊंसाठी तुम्ही शाल पाठवावी आणि मी ती गुपचूप कपाटात ठेवावी, हे माझ्याने होणार नाही.

महादूभाऊ गेले. त्याच रात्री. ह्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कारही होऊन गेले होते.

ह्यांचा हात हलला नव्हता, वन्सं. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, एकदाच. मादी बांधावर आली, आडवी उभी राहिली. सूर्य मावळत होता, पण उजेड भरपूर होता. लहान मुलानेसुद्धा मारली असती अशी उभी होती, म्हणाले. हे नेम खांद्यामागून काढून खाली पायावर घेऊन आले, आणि तिथेच मारली. भुलीचे डॉक्टर दुसऱ्या गावी अडकले होते. मादी कोलमडून उसात शिरली.

महादूभाऊ म्हणाले, "पडली असंल आत, चला साहेब." आणि पुढे झाले. इतक्या वर्षांत ह्यांची गोळी त्यांनी खांद्यामागेच बसलेली बघितली होती. नेम कुठे धरला होता ते त्यांना ठाऊक नव्हतं. हे सांगणार होते, राहून गेलं होतं. "थांब" म्हणेपर्यंत ते उसाच्या पहिल्या सरीत वाकले होते, रक्त बघायला. तेवढ्यातच.

दुसरी गोळी ह्यांनी हाताच्या अंतरावरून झाडली, मादी महादूभाऊंच्या अंगावर असताना.

तुमचं उंटिणीचं पत्र आलं तेव्हा हे दवाखान्याच्या आवारात मृतदेहाच्या कागदांसाठी थांबले होते. फोन वाजला म्हणून बघितला. मग मोबाइल माझ्या हातात देऊन बाहेर चहाच्या टपरीकडे गेले आणि चहा न घेताच परत आले.

आता चौकशी आहे. नेहमीची असते तशीच, पण लोक बोलतात. म्हातारा झाला, हात कापतो, तरी बंदूक सोडवत नाही, असं म्हणतात. हे मान हलवतात. जेवताना ताटातलं वाटीत आणि वाटीतलं ताटात करत राहतात.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. रागावले होते, खोटं कशाला सांगू. आता तेवढा राग उरला नाही. पण तुम्हाला माहीत नसावं हे मला पटलं नाही.

मृणालिनी


करामा, दुबई
२२ नोव्हेंबर २०२५

गुणा,

मृणालिनीला एक शब्द बोलू नकोस. तिने माझ्यावर उपकार केले.

तू लोकांसमोर कापऱ्या हाताचा झालास, मला वाचवायला. ते मला नको आहे. चौकशीत खरं सांग. सांग की माझ्या बहिणीने ओवाळणीत मागितलं, तिने आईचं नाव काढलं, डब्याचं काढलं, देवाला मध्ये उभं केलं. माझं नाव, पत्ता, सगळं लिहून दे. बोलावलं तर मी येईन. तिकीट काढायला ह्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही की कशासाठी.

आयुष्यभर मी मुंगीला वळसा घालून चालले. त्याच पायांनी एका माणसाच्या अंगावरून गेले आणि मला समजलंसुद्धा नाही.

खरं सांग, गुणा. ही ओवाळणी नाही. नुसतं सांगते आहे.

ताई


पुणे
२७ नोव्हेंबर २०२५

ताई,

सांगितलं. काल जबाब बदलून दिला. गोळी चुकली नव्हती, नेम जाणूनबुजून पायावर धरला होता, आणि सोबत्याला ते सांगितलं नव्हतं, असं लिहून सही केली. चौकशीच्या साहेबांनी कारण विचारलं. मी लिहिलं, कारण माझं वैयक्तिक. ते म्हणाले, असं कसं चालेल? मी म्हटलं, दुसरं कारण नाही.

तुझं नाव लिहिलं नाही. रागावू नकोस. लपवायचं म्हणून नाही. ते तिथे बसतच नाही. तू दुबईहून पाय मागितलास. उजेडात मादी मी बघत होतो. तिच्या खांद्यावरची लव दिसत होती मला. त्या क्षणी मला ठाऊक होतं, इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, की ही जागा चुकीची आहे. बंदूक ज्याच्या हातात असते त्याला बहीण नसते, आई नसते. असेल तर त्याने बंदूक दुसऱ्याच्या हाती देऊन घरी जावं. मला तुला नाही म्हणता आलं नाही, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून महादूलाही सांगता आलं नाही. यातलं दुसरं जास्त वाईट. पायावर मारतोय हे त्याला कळलं असतं तर तो उसाजवळ गेला नसता. मला चार शिव्या दिल्या असत्या आणि बांधावर बसून राहिला असता.

तुझं चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. तुला ते आवडणारही नाही. पण तुझं चुकलं ते मागण्यात. माणूस काहीही मागतो.

परवाना आणि रायफल जमा केली. 

रंभावहिनींकडे, महादूच्या बायकोकडे, दर सोमवारी जातो. त्यांना वाटतं, हात हलला. जबाब बदलला तरी त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. तेवढं बळ नाही माझ्यात.

तू येऊ नकोस. आलीस तरी माझ्यासाठी येऊ नकोस.

गुणा


करामा, दुबई
३ डिसेंबर २०२५

श्रीमती रंभाबाई यांस,

मी कुमुद. गुणवंतची मोठी बहीण. दुबईला असते. आपली गाठ गुणवंतच्या लग्नात पडली होती, तुम्ही हिरवं लुगडं नेसला होतात आणि मंडपात पाणी कमी पडलं तेव्हा न सांगता घागरी आणल्या होत्या. एवढंच मला तुमच्याबद्दल माहीत आहे, आणि हे पत्र लिहायला ते फार कमी आहे.

काल इथे राष्ट्रीय दिवस होता, सगळीकडे रोषणाई, घरची माणसं बाहेर गेली होती. तेव्हा लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. कागद फाडायची मला सवय नाही. आता सरळ लिहिते.

तुमच्या घरधन्यांचा जीव गेला तो गुणवंतचा हात हलल्यामुळे नाही. मी त्याच्याकडून भाऊबीजेला वचन घेतलं होतं की मादीला मारायचं नाही, पहिली गोळी पायावर मारायची. त्याने नको म्हटलं होतं. कारणही दिलं होतं. मी हट्ट केला. तिला पिल्लं आहेत एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याने शब्द पाळला आणि महादूभाऊंना ते सांगितलं नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही. मागितली तर तुम्हाला द्यावी की न द्यावी असा प्रश्न पडेल, आणि तुमच्यावर आणखी एक ओझं कशाला. खोटं तुमच्या घरात राहू नये म्हणून लिहिते. गुणवंत दर सोमवारी येऊन गप्प बसतो ते यामुळे. त्याला येऊ नको म्हणायचं असेल तर म्हणा. तुमचा हक्क आहे.

फोटो पाठवत नाही. हाच कागद एका येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते, मृणालिनी तुम्हाला आणून देईल. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

कुमुद


निमदरे
१६ डिसेंबर २०२५

कुमुदबाईंना नमस्कार.

पत्र संजना लिहितीय, माझी लेक. मी सांगते तसंच लिही म्हणून तिला बजावलंय, शाळेतलं मराठी घालू नको म्हणलंय.

तुमचा कागद आला. संजनानं दोनदा वाचला. पहिल्यांदा मी मध्येच उठून गोठ्यात गेले. दुसऱ्यांदा बसून ऐकला.

साहेब सोमवारी आले. मी म्हणलं, साहेब, कळलं मला. तर ते ओट्यावरनं उठायला लागले. मी म्हणलं, बसा. चहा झालाय, वाया जाईल. बसले. मग पहिल्यांदा बोलले. सगळं बोलले, मादी कुठं उभी होती ते पण, हे वाकले ते पण. मी इतके दिस लोकांकडनं ऐकत होते, कुणी म्हणं हे पुढं पळाले, कुणी म्हणं दारू प्याले होते. प्याले नव्हते. ते कळलं, बरं झालं.

साहेबांना येऊ नका म्हणले नाही. का ते मला पण माहीत नाही. ह्यांच्याबद्दल बोलणारं दुसरं कोण हाय मला? गावात आता बोलत नाही कुणी. बिबट्या मेला, ऊसतोड सुरू झाली, लोक कामाला लागले.

बाई, तुम्ही बाईमाणूस. लेकुरवाळी हाय म्हणून तुम्हाला दया आली. मला पण आली असती, दुबईत असते तर. आमच्या शेजारच्या सुनेला त्याच मादीनं नेलं, तिचं पण लेकरू पाळण्यात होतं. तरी मादी मेली तेव्हा तिच्या पिल्लांचं ऐकून माझ्या पोटात तुटलं. खोटं नाही सांगत.

पण एक इचारते. साहेबांनी तुमची दोघांची पत्रं मला वाचून दाखवली, मीच मागितली. तुम्ही देवाचं लिहिलंय, आईचं लिहिलंय, पिल्लांचं लिहिलंय. साहेबांनी लिहिलं होतं, माझ्यापुढं महादू चालतो. त्याच्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. पुढच्या पत्रात बघितलं, त्यात पण नाही. जनावराचा पाय तुम्ही मागितला, ह्यांचे पाय कुठं असतील ते नाही इचारलं. चुकून राहिलं असंल. मोठ्या माणसांच्या पत्रात आमचं असंच राहतं. रागानं नाही म्हणत. दिसलं म्हणून सांगितलं.

संजना इचारतीय, माफ केलं असं लिहू का? मी म्हणलं, नको लिहू. माफ केलं नाही असं पण नको लिहू.

तुमचा कागद मिळाला, एवढं लिही.

रंभा महादू